मागं शेरडं न्हाईत

४ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा घेर. आजवर एकास एक चाललं होतं तवर मी काठीच्या वर्गात लई शहाणी होते. शेरडं वळून वळून मनगट तयार झालंय, म्हणून वस्ताद सगळ्यांदेखत नाव घ्यायचे. (पुढं नुसतं व. लिहिणार, बोटं सुजल्यात.) आज चौघांना चारी अंगांनी उभं केलं आणि मला मधी घातलं. काठ्यांच्या टोकांना चिंध्या बांधलेल्या, चिंध्या राखेत बुडवलेल्या, म्हणजे कुठं लागलं ते कापडावर उमटतं. व.नी टाळी वाजवली की सुटलेच सगळे. मी पाय रोवून उभी. पुढचे दोघं झकास अडवले. मागनं बदाबद.

व.: "अगं हल की! जागा सोड! खांब हायेस का?"

न्हाई हलता आलं. परत घातलं, परत तेच. मग व. जवळ आले, हळूच म्हणाले, "वैजू, मागं काय हाय तुझ्या, जे सोडवंना?"

तोंडातनं निघून गेलं. शेरडं.

सगळे खो खो हसले. सुमनताई तर काठी टाकून खालीच बसली. मी पण हसले. मग भोरपासनं हिर्डोशीपतुर यष्टीच्या खिडकीला तोंड लावून रडत आले.

घरी आयनं काही न विचारता मला पाठमोरी केली. सगळी पाठ राखेनं पांढरी. "बरं," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

५ जाने.

आयची अट नसती तर ह्या वर्गाचं तोंड बघितलं नसतं.

आबा गेल्यावर वेल्ह्याचा मामा आला, म्हणाला शेरडं माझ्याकडं नेतो, तुमी दोघी बायका डोंगरात काय करणार. आय लगेच हो म्हणाली. मी लई भांडले. माझी शेरडं हायेत, आबांनी मला शिकवलंय, मी वळणार. आय ऐकंना. मग सुमनताईनं यष्टीत तिकीट फाडता फाडता आयला ह्या वर्गाचं सांगितलं. चौघं अंगावर आले तर त्यातनं सुटायचं कसं ते शिकवतात म्हणाली. ती कंडक्टर, तिच्या गाडीत रोज एक भांडण असतं, म्हणून ती जाते.

आय तवा म्हणाली, "तितं जा. घेरातनं सुटून दाव मला. शेरडं सोडून सोताचा जीव घिऊन घरी याला शीक. शिकलीस तर शेरडं तुजी. पाडव्याला तुजा मामा येनार, तवर टाईम."

म्हणजे शेरडं पायजे असतील तर शेरडं सोडायला शिकायचं. असली उफराटी अट माझीच आय घालू जाणे.

८ जाने., गुरुवार

आज कड्याखाली नेली. आय नको म्हणते, पण चारा तितंच उरलाय.

त्या जागेवर बसले न्हाई. उभीच.

पावसाळ्यात घाटात टपऱ्या लागतात, गाड्या येतात, भजी न् कणसं खातात, कुत्र्यांना टाकतात. काही जण तर घरातलं नको झालेलं कुत्रं गाडीतनं आणून सोडून जातात. पाऊस सरला की टपऱ्या बंद. कुत्री उपाशी, मग टोळी करून डोंगरात. कार्तिकात आमी खाली भात झोडत होतो, तवा ती टोळी आबांवर आली. आबांनी शेरडं कड्याला दाबली आणि पुढं उभे राहिले, काठी आडवी धरून. आमच्यात असंच करतात. पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिकवतात, वळणाऱ्यानं जागा सोडायची न्हाई, तू हललास की शेरडं फुटली. आबा हलले न्हाईत.

आमचा काळ्या शेपूट पोटात घालून खळ्यावर पळत आला तवा आमाला कळलं. कुत्र्यानं मालकाला टाकून यावं.

जीपमधी आबांचं डोकं माझ्या मांडीवर. भोर यायच्या अलीकडं डोळे उघडले. म्हणाले, "मोजली का?"

मोजली आबा, समदी हायेत.

खोटं न्हवतं ते. एक सुदिक गेलं न्हवतं. भोर आलं तवा आबा न्हवते.

शेवटचं बोलणं शेरडांचं. माझं नाव न्हाई, आयचं न्हाई.

काळ्याला अजून हातानं भाकर देत न्हाई. लांबनं फेकते. पळपुटा मेला.

११ जाने., रविवार

सुमनताई सुटली घेरातनं! काय सुटली बया. व. सांगतात तसं काही केलं न्हाई, सरळ कडंच्या माणसाला खांदा लावला आणि "चला, पुढं सरका" म्हणत बाहेर. व. सुदिक हसले. "बघा, हिला गर्दीत मधी राहायची सवयच न्हाई," म्हणाले.

मग मला समजावलं. मधी राहिलं की चारी काठ्या तुझ्यावर. एक कड धर, तिकडच्याच्या अंगावर जा, त्याच्या पल्याड नीघ. मग बाकीचे तुझ्याकडं यायला एकामागं एक येतात. रांग लागली की एका वेळी एकच. डोक्यात शिरलं. पायात शिरत न्हाई.

पाठ परत पांढरी.

१४ जाने., संक्रांत

खालच्या आळीत हळदीकुंकू. मला बोलावणं, आयला न्हाई. दरवर्षी आयच सगळ्यांच्या आधी सजून बसायची, हिरवा चुडा भरून. आज तिनं सकाळपासनं गोठा झाडला. झाडलेलाच परत झाडला. मी गेले न्हाई. तिळगूळ आणून दिला कुणीतरी, तो आयनं चांदीला चारला.

चांदी म्हणजे आबांची लाडकी शेरडी, कपाळावर पांढरा चांद. आबा जेवायला बसले की ही ताटात तोंड घालायची आणि आबा "खा, खा, मालकीण" म्हणायचे. आय चिडायची. आता आयच चारते.

१८ जाने., रविवार

भांडण. व.शी.

तिसऱ्यांदा घेरात तशीच उभी राहिले आणि पाठीत बसली जोरात. व. म्हणाले, "मधी उभा राहनारा मरतो. शूर असू दे न्हाईतर भित्रा, मरतोच. त्यात मोठेपना न्हाई."

माझं डोकं फिरलं. "म्हंजे माझे आबा चुकले म्हनायचं का तुमाला?"

व.ना ठाऊक हाय आबांचं, अख्ख्या तालुक्याला ठाऊक हाय. त्यांनी काठी खाली ठेवली. काही बोलायला तोंड उघडलं पण मी ऐकायला थांबलेच न्हाई. काठी त्यांच्या पायाशी टाकून आले. वस्तादापुढं काठी टाकणं म्हणजे काय ते मला कळतं. कळूनच टाकली.

मयतीला जो तो हेच म्हणत होता, पाठीला एक दात न्हाई, सगळं अंगावर घेतलं, मर्द गडी. ते एवढंच तर राहिलंय आमच्याकडं. मी त्या घेरातनं पाय काढला म्हणजे मीच म्हणल्यासारखं होईल की आबा, तुमी उगं मेलात.

न्हाई म्हणणार. मामाला न्हेऊ दे शेरडं.

२५ जाने.

गेले न्हाई. आयनं विचारलं पण न्हाई. बरंच झालं. (बरं न्हाई झालं. विचारायला पायजे होतं.)

२९ जाने.

तेल आणायला भोरला. येताना सुमनताईची गाडी. सगळी माणसं उतरली तवा माझ्या शेजारी येऊन बसली.

"व. भेटले की विचारत्यात गं तुला."

"विचारू दे."

"तुझी काठी त्यांनी उचलून ठेवलीया. कुनाला हात लावू देत न्हाईत."

मी तेलाचा डबा मांडीवर घेतला.

मग म्हणाली, "वैजू, मी काय तुझ्या आबांना लई वळखत न्हवते. पन माझ्या गाडीत बसायचे तवा उतरताना दरवेळी म्हनायचे, पोरीला कंडक्टर करायचीय, चार माणसांत राहील, डोंगरात एकटी मरायला नको." 

आबा असं म्हणायचे? मला कधी म्हणाले न्हाईत. मला तर जागा सोडायची न्हाई म्हणायचे. रागच आला. मेलेल्या माणसाचं असं काहीतरी दुसऱ्याकडनं कळावं.

१ फेब्रुवारी, रविवार

गेले. व.च्या पाया पडले. त्यांनी काठी दिली, एवढंच म्हणाले, "तुझे आबा चुकले असं मी म्हनलो न्हाई. त्यांच्या मागं खरी शेरडं व्हती, कडा व्हता. तुझ्या मागं काय हाय? मोकळं मैदान. पोरी, तू कुनाला राखतीयास?"

उत्तर ठाऊक हाय. घेरात उभी राहिले की मागं आबा असतात. हलले तर त्यांना उघडं पाडल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगायचं.

एक पाऊल टाकलं आज. एकच. आणि मग वर्गात पोलीसभरतीसाठी येणाऱ्या त्या पोरांपुढं हमसून हमसून रडले. पोरं बिचारी काठ्या घेऊन तशीच उभी.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

वर्ग न्हाई. देवळापाशी मोठ्ठा फ्लेक्स. आबांचा फोटो, तोच आधारकार्डाचा, ताणून ताणून केलेला, आबा ओळखू येईनात. खाली 'शूरवीर'. मागं वाघाचं चित्र. वाघाचं कशाला?

भाषण झालं. आयला शाल-नारळ. आयनं घेतला, हात जोडले, डोक्यावरचा पदर जरा सुदिक हलला न्हाई. मला वाटलं आयला बरं वाटलं असेल.

घरी आल्यावर ती सरळ गोठ्याकडं गेली. काळ्या कोपऱ्यात पडला होता. त्याच्या अंगाखाली तिनं ती नवी कोरी शाल अंथरली.

"आय! काय करतीस?"

"ह्योच एक शाना निगाला ह्या घरात," म्हणाली. मग फुटली. चार महिन्यांत पहिल्यांदा. "मला फोटू नको व्हता गं. मला त्ये पळून आलेलं चाललं असतं. गाव हसलं असतं, हसू दे की! भेकडाची बायकू म्हनलं असतं, म्हनू दे. च्या पीत बसलं असतं हितं मोरीपाशी. समदी शेरडं गेली असती तरी चाललं असतं. यकदा तरी माजा इचार कराचा व्हता त्यांनी. उबं ऱ्हायले त्ये शेरडांसाटी. माज्यासाटी पळाचं व्हतं."

मी तिला धरायला गेले तर तिनं मला ढकललं. मग परत जवळ ओढलं.

एवढे दिवस मला वाटायचं आय आबांसाठी रडत न्हाई. ती रागावली होती. नवऱ्यावर रागावलेली बाई मयतीत कशी रडणार.

२२ फेब्रु., रविवार

दोन पावलं. कडंच्या पोराच्या अंगावर गेले, तो सरकला, पण मी परत मधी आले. आपोआप. व.नी कपाळ बडवून घेतलं. "आलीस का माघारी! इसरलेलं काय न्यायला आलीस?"

सगळे हसले. मी पण.

१ मार्च, रविवार

सुटले.

कशी ते नीट सांगता येत न्हाई. व.नी टाळी वाजवली आणि मी बघितलं, डावीकडची सुमनताई. तिच्याकडं धावले, काठीनं तिची काठी दाबली आणि पल्याड. वळले तर सगळे एकामागं एक. एकाला अडवलं, सरकले, दुसऱ्याला अडवलं, सरकले. व. ओरडत होते, "अस्सं! अस्सं! फिरत ऱ्हा!" शेवटी सगळ्यांनी काठ्या वर करून मला घेरलं, पण शाबासकी द्यायला. सुमनताईनं उचलून गरागरा फिरवलं, "माझ्याच अंगावर आलीस व्हय गं सटवे!"

मी मैदानाच्या मधी बघितलं. रिकामी जागा, धुळीत पावलं उमटलेली. आणि मला वाटलं, मी आले बाहेर. आबा आत राहिले.

यष्टीत सुमनताईनं तिकिटाचे पैसे घेतले न्हाईत. "आज तुझा मान," म्हणाली. (रात्री लक्षात आलं, तिनं पदरचे भरले असणार. तिच्या मशीनला मानबिन कळत न्हाई.)

२ मार्च

आयनं काल सदरा उलटापालटा करून बघितला. पाठ कोरी. खांद्यावर एकच डाग. मला वाटलं आता म्हणेल, शेरडं तुजी.

म्हणाली, "मैदानात सुटलीस. खरी शेरडं मागं असतील तवा?"

मी म्हणाले, तवाचं तवा.

"त्येच इचारतीया मी," म्हणाली आणि गेली पाण्याला. म्हणजे अजून काही दिलं न्हाई तिनं. आबांची काठी तिनं आढ्याला खोचून ठेवलीय, तीही काढली न्हाई.

११ मार्च

मामाचा फोन. पाडव्याला सकाळीच टेम्पो घेऊन येतो म्हणतो. तो वाईट माणूस न्हाई. माझ्यासाठी वेल्ह्यात शिलाईच्या क्लासचं बघून ठेवलंय म्हणे. शिलाई! ह्या बोटांनी.

चांदी व्याली. एकच करडू, तिच्यासारखाच कपाळावर चांद. आय कितीतरी दिवसांनी "खा, खा, मालकीण" म्हणाली. म्हणाली आणि पदरानं करडू पुसायला लागली.

१७ मार्च, मंगळवार

चांदी गेली. मी हाये. आज लिहवत न्हाई.

१८ मार्च, बुधवार

लिहिते.

काल कड्याखाली होते. काळ्या भुंकला न्हाई, गुरगुरला, तवाच कळलं. करवंदीतनं आली, तीच टोळी, पुढं एक पिवळं कुत्रं, पट्टा घातलेलं. कुणाच्या तरी घरातलं असणार, पट्टा अजून गळ्यात हाय. माझ्या हातापायांनी मला न विचारता शेरडं कड्याला दाबली. पुढं उभी राहिले. काठी आडवी. अगदी आबांच्या जागेवर. पाय त्याच दगडाला टेकले.

मेले असते. मला ते वाईट पण वाटत न्हवतं, हे खरं लिहिते. वाटलं, आता कळेल आबांना काय वाटलं असेल.

मग काळ्या पळाला. घराकडं, तसाच, शेपूट पोटात घालून. आणि त्याच्याकडं बघता बघता मला आय दिसली. खळ्यावर उभी. परत एकदा तेच कुत्रं तसंच पळत येताना बघणारी.

जागा सोडली.

डावीकडच्या कुत्र्याच्या अंगावर गेले, नाकाडावर हाणली, पल्याड निघाले. वळले तर माझ्या मागं रांगेनं. एकेकाला हाणत चढाच्या दगडावर गेले. तितं येईना झाली. पण मी हलल्याबरोबर शेरडं फुटली. आबा म्हणायचे तश्शीच. चांदी उताराला पळाली, करडाच्या ओढीनं, घराकडं. दोन कुत्री तिच्या मागं गेली. तिनं एकदा हाक मारली. मला मारली का करडाला, ठाऊक न्हाई.

दगडावरनं उतरले न्हाई. उतरता आलं असतं.

काळ्यानं माणसं आणली. लवकर आणली. तो गेला म्हणून आली, आणि कार्तिकातही तो गेला म्हणूनच आबा निदान माझ्या मांडीवर... काल रात्री त्याला हातानं भाकर दिली. तो घ्यायला घाबरत होता.

संध्याकाळी आयनं शेरडं मोजली.

"यक कमी हाय."

"चांदी. मी सोडली तिला, आय."

वाटलं आता बोल लावणार. तिनं मला दिव्याखाली ओढलं. बाजारात जनावर तपासतात तशी तपासली, पाठ, बाह्या वर करून हात, पोटऱ्या, मान. पोटरीला एक ओरखडा, करवंदीचाच. मग उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. "यक कमी," म्हणायची आणि हसायची. "यकच कमी गं बाय. यकच." हसता हसता हंबरडा फोडला. शेजारची सगळी गोळा झाली, त्यांना वाटलं घरात कोणी गेलं.

मग आढ्याची काठी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "पाडव्याला तुजा मामा पुरनपोळी खाऊन मोकळा टेम्पो घिऊन जाईल. शेरडं तुजी. शिकलीस."

आज दिवसभर ती डाळ निवडतेय, गूळ फोडतेय, माझ्याकडं बघतेय. ह्याच एका शब्दासाठी मी तीन महिने मार खाल्ला. आणि आता ती काठी उचलायचं, मोजायला जायचं धाडस होत न्हाई. आबांनी विचारलं, मोजली का, तर काय सांगू? तुमचं समदं राखलं न्हाई मी. मला राखलं.

चांदीचं करडू डालग्याखाली वरडतंय. दुसऱ्या शेरडीला लावून बघितलं, ती लाथ मारते. बाटलीतलं दूध ते घेत न्हाई. माझं बोट चोखतंय तेवढं. बोटात काही न्हाई, तरी सोडत न्हाई.

काठी अजून तशीच पडलेली बघून आयनं आत्ता विचारलं, शेरडं ठेवतीस का देतीस, मामाला काय सांगू. म्हणाले, सकाळी सांगते.